मालवणला बाजाराला आलोय, जेवायचं कुठं?

या वेळी आलेली बरीच पत्रं मालवणबद्दलच आहेत, म्हणून अख्खं सदर तेवढ्यावरच ठेवतोय. बाकीच्यांनी जरा धीर धरा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न : आम्ही सहा जण पुण्याहून गाडी करून मालवणला येतोय. बहिणीचं लग्न आहे त्यामुळे मसाला, आमसुलं, काजू, खाजा ही सगळी खरेदी तिथल्या बाजारातच करायची आहे आणि किल्लाही बघायचाय. हाताशी एकच दिवस. नेटवर बघावं तर प्रत्येक हॉटेलला चार-साडेचार स्टार, काही कळत नाही. नक्की कुठं जेवायचं, नाव सांगा.

नाव देत नाही, आणि कारणही सांगतो. खानावळ चालते ती आत चुलीपाशी असलेल्या बाईच्या नाहीतर आचाऱ्याच्या हातावर, तो हात बदलला की बाहेरची पाटी तीच राहते आणि आमटी वेगळीच होते. मी आज छापलेलं नाव तुम्ही सहा महिन्यांनी घेऊन याल तेव्हा आतमध्ये कोण असेल काय माहिती. त्यापेक्षा बाजारात उभं राहून स्वतःच जागा कशी निवडायची ते सांगतो, ते जास्त टिकेल.

पहिली गोष्ट वेळेची. मालवणसारख्या गावात दुपारी दीड-दोनला बरीच दुकानं शटर ओढतात ती चारनंतरच उघडतात, आणि खानावळी साधारण साडेबाराला सुरू होऊन तीनच्या आत आवरतात, मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला. आता पुण्यामुंबईचा माणूस सकाळी निवांत उठणार, अकराला किल्ल्याच्या होडीत बसणार, दोनला उन्हानं करपून परत येणार, तोवर बाजार बंद आणि खानावळीत "सुरमई संपली, पापलेट संपलं, चिकन थाळी आहे" असं ऐकायला मिळणार. म्हणून उलटं करा. सकाळी लवकर नाश्ता करून पहिल्या होड्यांनी किल्ल्यावर जा, १६६४ साली महाराजांनी पाया घातलेला तो सिंधुदुर्ग घाईघाईत बघू नका, पण पाणी बरोबर घ्या आणि ऊन चढायच्या आत परत फिरा. मग तास-दीड तास बाजार करा आणि साडेबारा-पाऊणला जेवायला बसा. राहिलेली खरेदी चारनंतर. बाजारपेठेचा रस्ता अरुंद आहे, गाडी आत घालू नका, बाहेर लावून चालत फिरा, चालत फिरल्याशिवाय खानावळी दिसतही नाहीत कारण चांगल्यापैकी बऱ्याच घरातच आहेत, ओटीवर चार-पाच टेबलं आणि मागं स्वयंपाकघर.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मेनूकार्ड उघडायच्या आधी विचारा, आज ताजं काय आलंय? मालवणीत विचारता आलं तर उत्तमच, "आज ताजा काय आसा?" ज्या खानावळीत या प्रश्नाला लगेच दोन-तीन माशांची नावं येतात, आणि त्याबरोबर "हे आज नाही" असंही सांगतात, तिथं बसा. जिथं सगळंच आहे, वर्षभर आहे, आत्ता आहे, तिथं बहुतेक माल फ्रीजरमधला असतो. फळ्यावर खडूनं लिहिलेली चार नावं मला छापील आठ पानी मेनूपेक्षा कधीही जास्त विश्वासाची वाटतात.

आणि प्रत्येकानं सुरमई-पापलेटच मागायला हवं असं काही नाही. मालवणात सुरमईला इसवण म्हणतात, ती चांगलीच लागते, पण तिला मागणी इतकी की गर्दीच्या दिवसात ती बाहेरूनही बर्फात येते. किनाऱ्यावर रापण ओढतात, म्हणजे होडीनं जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची, त्यात मिळतात ते बांगडे, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे. हे छोटे मासे सकाळी वाळूवर आणि दुपारी तव्यावर, इतकं अंतर कमी. मुडदुश्यांचं कालवण किंवा तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं जिथं मिळेल तिथं सहापैकी निदान दोघांनी तरी ते घ्या. तिरफळ चावायचं नाही बरं का, वास उतरला की त्याचं काम झालं, बाजूला काढून ठेवायचं.

सोलकढी आली की आधी रंग बघा. घरची सोलकढी फिकट गुलाबी असते, थोडा वेळ वाटीत राहिली तर वर नारळाचा दाट थर आणि खाली पातळ पाणी असं वेगळं होतं, चमच्यानं ढवळून प्यायची. अगदी भडक गुलाबी आणि अर्ध्या तासानंही एकसारखीच राहणारी दिसली तर मी त्या जागी दुसरी वाटी मागत नाही.

प्रश्न : सासू-सासरे पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. नवरा आणि मुलं माशांसाठीच मालवणला निघालीत. एका टेबलावर सगळ्यांचं कसं जमवू? मागच्या वेळी सासूबाईंनी दोन दिवस नुसता दहीभात खाल्ला, मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटणारच, कारण कोकणातलं शाकाहारी जेवण इतकं सुंदर असताना माणसाला दहीभातावर दिवस काढावे लागतात हे बरोबर नाही. अडचण अशी की पर्यटकांनी मासे मागून मागून खानावळींच्या व्हेज थाळीत मटार-पनीर येऊन बसलंय. पण घराघरात रोज शिजतं ते वेगळंच आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं, त्याच्याबरोबर आंबोळ्या किंवा वडे, वालीची भाजी, केळफुलाची भाजी, पावसाळ्यात अळूचं फदफदं आणि टाकळ्याची भाजी, फणसाच्या दिवसात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी. आणि फेब्रुवारी-मार्चपासून ओले काजूगर यायला लागले की काजूची उसळ, तिच्यासाठी मी मासेही बाजूला ठेवीन.

हे मिळवायचं कसं, तर आदल्या दिवशी सांगून. छोट्या खानावळी आणि घरगुती मुक्कामाच्या जागा, म्हणजे न्याहारी-निवास योजनेतली घरं वगैरे, फोनवर सांगितलं की करून देतात, काळे वाटाणे रात्री भिजत घालायला लागतात त्यामुळे ऐनवेळी मागून मिळणार नाहीत. सांगताना फक्त "व्हेज" म्हणू नका, पदार्थाचं नाव घ्या. आणि सासूबाईंना वेगळा तवा, वेगळं तेल लागत असेल तर तेही आधीच स्पष्ट विचारा, जिथं एकच तवा आहे ते लोक खरं सांगतात, मग त्या दोघांसाठी शुद्ध शाकाहारी उपहारगृह बघायचं. तशी बाजारात आणि एसटी स्टँडच्या बाजूला असतातच. सकाळचा नाश्ता मात्र सगळ्यांनी मिळून तिथंच करा, घावणे-चटणी, उसळ-पाव, नशीब असेल तर नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. दुपारी एकाच टेबलावर बसायचा हट्ट सोडला तरी चालेल, वेगवेगळं जेवून चारला बाजारात भेटलात तर कुणाचंच मन मोडत नाही.

आणखी एक, सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार अशा दिवशी तिथल्या बऱ्याच घरांतच मासे शिजत नाहीत. सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं तर असा वार धरा, शाकाहारी पदार्थ जास्त मनापासून केलेले मिळतात.

प्रश्न : मेनूवर सुरमई फ्रायपुढं "साइजप्रमाणे" लिहिलेलं होतं. आम्ही विचारलं नाही. बिल आलं तेव्हा आमच्या दोन दिवसांच्या खोलीभाड्याएवढं. भांडण झालं. हे कायदेशीर आहे का?

माशाचा भाव रोज लिलावात ठरतो आणि मासा लहान-मोठा असतो, त्यामुळे "साइजप्रमाणे" लिहिण्यात मुळात लबाडी नाही. पण भाव न सांगता तळून आणणं मला मान्य नाही. यावर उपाय एकच, मासा कच्चा असतानाच टेबलाशी आणून दाखवायला सांगायचा, एवढा तुकडा, एवढे पैसे, आणि मग हो म्हणायचं. लाजायचं कारण नाही, तिथले लोक स्वतः असंच करतात. कच्चा मासा बघितल्याचा दुसरा फायदा असा की त्याचा डोळा आणि कल्ला दोन्ही दिसतात. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लालभडक, पोटावर बोट दाबून सोडलं की खड्डा लगेच भरून येतो, तर मासा ताजा. पोट फुटलेला बांगडा मात्र कितीही स्वस्त देत असले तरी नको.

बिलावर हॉटेलचा १४ अंकी एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा, नंबर असायलाच हवा आणि जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबरही. आणि रिसॉर्टसारख्या ठिकाणी परस्पर सर्व्हिस चार्ज जोडला असेल तर तो काढून टाका म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ सालीच तसं स्पष्ट केलंय. ऐकलं नाही तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. साध्या खानावळीत ही वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला तिखट अजिबात चालत नाही. काय देऊ?

तळलेला मासा नुसत्या हळद-मीठ-कोकमात मुरवून, वर रव्याचं किंवा तांदळाच्या पिठाचं आवरण, असा मागा, सगळीकडे करून देतात. फक्त ऑर्डर देतानाच सांगा, मसाला चोळून ठेवलेल्या तुकड्याचं नंतर काही करता येत नाही. काटे कमी म्हणून मुलांना सुरमईचा तुकडा बरा, पेडवे-सौंदाळे काट्याचे. सकाळी कुठं उकड्या तांदळाची पेज मिळाली तर ती आणि थोडं खोबरं, मुलं आवडीनं खातात.

प्रश्न : सहलीत दुपारी बांगडा खाल्ला आणि तासाभरात तोंड लाल, अंगावर गांध्या, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. बरोबरच्या दोघांनाही तसंच. आता घरचे म्हणतात तुम्हाला माशांची ॲलर्जी आहे, बंद करा. लहानपणापासून मासे खातोय, मग आत्ताच कसं?

बरोबरच्या दोघांनाही झालं हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच मला वाटतं की ही नेहमीची ॲलर्जी नसावी. बांगडा, कुपा, सुरमई, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पकडल्यावर लगेच बर्फात गेला नाही, उन्हात टोपलीत पडून राहिला, की त्यावरचे जीवाणू त्या घटकाचं हिस्टामीन करतात, आणि ॲलर्जीत शरीर जे स्वतः सोडतं तेच हे, त्यामुळे लक्षणं हुबेहूब तशीच दिसतात. तोंड लाल, गांध्या, डोकेदुखी, धडधड, कधी जुलाब, कधी खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरतं. वाईट म्हणजे हिस्टामीन एकदा तयार झालं की ते तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही, आणि मासा वासाला ठीकही वाटू शकतो. म्हणून कितीही कडक तळला असला तरी उपयोग नाही, बर्फ वेळेवर पडला की नाही यावरच सगळं असतं.

बहुतेक वेळा एखाद्या दिवसात उतरतं, पण डॉक्टरांना दाखवा आणि कुठला मासा, किती वेळानं, किती जणांना, हे तिन्ही सांगा, मासे कायमचे बंद करायचे की नाही ते त्यांना ठरवू दे. श्वासाला त्रास झाला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

आणि हे वाचून ज्यांना खरोखरची कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी आहे त्यांनी निश्चिंत होऊ नका. तुमचा प्रकार वेगळा आहे. खानावळीत कोळंबी आणि मासा एकाच तेलात तळतात, सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर थाळीत न मागता येते, रोजच्या भाजीतसुद्धा कधीकधी सुकी सुंगटं असतात. बसल्या बसल्या आधी तेच सांगा.

प्रश्न : सुट्ट्या जुलैतच मिळतात. मित्र म्हणतो पावसाळ्यात कोकणात मासे नसतातच, जाऊ नको. खरंय का?

अर्धं खरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचे दिवस असतात आणि समुद्रही खवळलेला असतो. किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद. त्यामुळे जुलैत कुणी ताज्या पापलेटचं ताट दाखवलं तर ते बर्फातलंच असणार, त्याला जास्त पैसे मोजू नका. पण खाडीचे मासे, खाडीतल्या कुर्ल्या, सुका बांगडा भाजून केलेली चटणी, सुकटीची कोशिंबीर, वडे-सागोती, हे सगळं त्याच दिवसात जास्त चवीचं लागतं, बाहेर धो धो पाऊस आणि समोर गरम वडे. गर्दी नसते त्यामुळे खानावळवाल्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो, आणि काय हवं ते सांगून करून घेता येतं. मला विचाराल तर जा. फक्त निघायच्या आधी फोन करा, कारण काही खानावळी त्या दोन महिन्यांत चक्क बंद ठेवून डागडुजी करतात. आणि श्रावण लागला की अर्धं गाव शाकाहारी, तेव्हा तारखा कॅलेंडरवर बघून ठरवा.

प्रश्न : संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव चालतो तो बघितला. आपण तिथं मासा घेऊन हॉटेलात शिजवून घेता येतो का?

येतो, पण सगळीकडे नाही. घरगुती मुक्कामाला उतरला असाल तर यजमान सहसा करून देतात, करणावळ वेगळी, ती आधी ठरवून घ्या. तारकर्ली-देवबागकडच्या घरांत, म्हणजे गावापासून ६-७ किलोमीटरवर आणि पुढं, हे जास्त सोपं पडतं. बाजारातल्या भरलेल्या खानावळीत रात्री आठला पिशवी घेऊन जाऊ नका, त्यांच्या चार पातेल्यांत तुमचं पाचवं बसत नाही.

लिलावात तुम्ही स्वतः बोली लावायला जाऊ नका. तिथं टोपलीवर, ढिगावर बोली होते आणि ती व्यापाऱ्यांची रोजची घाईची जागा आहे, मध्ये उभं राहून फोटो काढत बसलं की त्यांचा खोळंबा होतो. लिलाव झाल्यावर बाजूलाच कोळणी वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. घासाघीस थोडी करा, पण साफ करून देणाऱ्या बाईचे पैसे तोडू नका. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेतल्या तर एवढं लक्षात ठेवा की शिजवल्यावर जी शिंपली उघडली नाही ती जबरदस्तीनं उघडून खायची नाही, टाकून द्यायची.

प्रश्न : रात्री कुडाळहून रेल्वे आहे. मालवणहून जेवण पार्सल न्यावं का? आणि सोलकढीची बाटली मुंबईपर्यंत टिकेल?

सोलकढी नाही टिकणार, नारळाचं दूध आहे ते, उन्हाळ्यात तर चार-पाच तासांत आंबतं. त्याऐवजी बाजारातून आगळ न्या, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, घरी ताजा नारळ वाटून दूध काढा, त्यात आगळ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, झाली. बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारीच साखरेचं कोकम सरबत तसल्याच बाटलीत ठेवलेलं असतं आणि त्याची सोलकढी होत नाही. आमसुलं घेताना काळपट, मऊ, जराशी ओलसर बघा, कडक वाळून लाकूड झालेली नकोत. ठेवायची काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या बरणीत, आंबट आहे, ॲल्युमिनियमचा डबा खाऊन टाकतं.

पार्सलमध्ये रस्सा, आमटी नको, डब्यात सांडलं की अख्खा डबा नाव ठेवतो. वडे आणि सुकं चिकन न्या, वडे गार झाले तरी बरे लागतात, रात्री नऊच्या आत खाऊन टाका. मालवणहून कुडाळ स्टेशनला रस्त्यानं पाऊण-एक तास धरा, सुट्टीच्या दिवशी जास्त, आणि खानावळी सातच्या आधी रात्रीचं पार्सल देत नाहीत, म्हणून गाडी लवकरची असेल तर पार्सल दुपारीच सांगून पैसे देऊन ठेवा.